स्क्रीन काळी, चित्र जागेवर : लॅपटॉपच्या बॅकलाइटचा दोष कसा शोधायचा आणि काढायचा

लॅपटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, कॅप्स लॉक दाबलं की त्याचा बारीक दिवा लागतो-विझतो, पण स्क्रीन काळीच. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हर शोधण्याआधी खोलीतला दिवा मालवा. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरा आणि हळूहळू फिरवा. अंधूक का होईना, पण डेस्कटॉपवरची चित्रं, घड्याळ किंवा पासवर्डची चौकट दिसली, तर पॅनल चित्र काढतंय. त्याच्या मागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट, तेवढा गेलाय. काहीच दिसलं नाही तर एकदा पासवर्ड टाकून, म्हणजे एखादी पांढरी खिडकी उघडेल अशा बेताने, पुन्हा बघा. गडद वॉलपेपरवर ही चाचणी फसते.

ही साधी परीक्षा न करता थेट दुकान गाठलं, की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं: "डिस्प्ले गेलाय, पॅनल बदलायला लागतंय." कधी ते खरं असतं. पण बॅकलाइट बंद पडायला पॅनलखेरीज निदान पाच जागा आहेत, आणि त्यातल्या काही फुकटात दुरुस्त होतात. पॅनल काही हजारांचं, केबल काही शेकड्यांची आणि फ्यूज काही रुपयांचा. शोध याच्या उलट क्रमाने, स्वस्त जागेपासून महागाकडे घ्यायचा असतो.

प्रकाश येतो कुठून

एलसीडी पॅनलमधले लिक्विड क्रिस्टल स्वतः उजेड देत नाहीत. मागून येणारा उजेड कुठे सोडायचा आणि कुठे अडवायचा, एवढंच ते ठरवतात. गणपतीच्या देखाव्यात बटर पेपरवर रंगवलेल्या चित्रामागे दिवा असतो, तशी ही रचना. लॅपटॉपमध्ये तो दिवा म्हणजे पॅनलच्या खालच्या कडेला बसवलेली पांढऱ्या एलईडींची बारीक पट्टी. तिचा उजेड एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यात कडेने शिरतो, पूर्ण पॅनलभर पसरतो आणि वरच्या दोन-तीन फिल्ममधून एकसारखा होऊन बाहेर येतो. ओलेड स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, त्यामुळे तिथे बॅकलाइट नसतेच. तुमचा लॅपटॉप ओलेड असेल तर हा लेख त्याला लागू नाही.

साधारण २०१० च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये एलईडीऐवजी सीसीएफएल ही बारीक काचेची ट्यूब आणि तिला चालवणारा इन्व्हर्टर असायचा. स्क्रीन सुरू होताना गुलाबी दिसणं आणि मग हळूहळू अंधारणं ही म्हाताऱ्या ट्यूबची खूण. त्या इन्व्हर्टरच्या टोकाला चालू असताना कित्येकशे व्होल्ट असतात आणि ट्यूबमध्ये पारा असतो. असा लॅपटॉप आता कुणाकडे असलाच तर त्यात बोटं घालू नका.

एलईडीपर्यंत वीज कशी पोचते हे कळलं की अर्धं काम झालं. बॅटरी किंवा अडॅप्टरची वीज मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्यूजमधून, काही मॉडेलमध्ये मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, स्क्रीनच्या केबलमध्ये शिरते. केबल हिंजमधून, म्हणजे झाकणाच्या बिजागरीतून, वर जाऊन पॅनलच्या खालच्या बाजूच्या अरुंद सर्किट बोर्डला मिळते. तिथे आणखी एक फ्यूज, मग कॉइल, डायोड आणि एलईडींना चालवणारी चिप, म्हणजे ड्रायव्हर आयसी. एका ओळीत सहसा ८ ते १२ एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात. प्रत्येकाला सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणजे ओळीला २४ ते ३६ व्होल्ट. बॅटरीत एवढं व्होल्टेज नसतं, म्हणून ही कॉइल ते वाढवून देते.

विजेबरोबर दोन निरोपही लागतात. एक 'चालू कर' असं सांगणारा, म्हणजे एनेबल, आणि दुसरा 'किती उजेड दे' हे सांगणारा, म्हणजे पीडब्ल्यूएम. वीज असली आणि निरोप नसला तरी स्क्रीन काळीच राहते. केवळ फ्यूज तपासून पॅनलला दोष देणारे नेमके इथे चुकतात.

स्क्रू न उघडता

आधी ब्राइटनेसची बटणं. हसू नका. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन धरून एका बटणाने बॅकलाइट पूर्ण बंद करता येते. अनेक एसर मॉडेलांत ते एफ६ वर असतं आणि अनेक असुसमध्ये एफ७ वर. लहान मुलाचा हात पडला की झालं. ते बटण एकदा दाबून बघा, मग ब्राइटनेस पूर्ण वाढवा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बहुतेक वेळा एक बीप ऐकू येतो.

मग लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, जा. डेल आणि असुसमध्ये सहसा एफ२, एचपीमध्ये एफ१०. बायोसची स्क्रीन झकास उजळली आणि विंडोज येताच काळोख झाला, तर दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा आहे. हार्डवेअर उघडायची गरज नाही, ग्राफिक्स ड्रायव्हर काढून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा पुन्हा टाका. बायोसमध्येही अंधारच असेल तर पुढे चला.

डेलवाल्यांना एक सोय आहे. लॅपटॉप बंद असताना डी बटण दाबून धरा आणि पॉवर दाबा. पॅनल पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग भरून दाखवतं. रंग उजळ दिसले तर पॅनल, त्याचे एलईडी आणि केबलमधली वीज या तिन्ही गोष्टी शाबूत आहेत.

एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर प्रोसेसर, रॅम, डिस्क यांची काळजी मिटली. चित्र आपोआप आलं नाही तर विंडोज आणि पी दाबून, बाणाने एकेक पर्याय खाली सरकवून एंटर मारा. दुरुस्ती होईपर्यंत लॅपटॉप असाच वापरता येतो, आणि डेटाची नक्कल काढून ठेवायची असेल तर तीही आत्ताच.

आता एक असा दोष, जो कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये हमखास भेटावा. लॅपटॉपचं झाकण मिटलंय की उघडं, हे ओळखायला झाकणात एक चुंबक आणि खालच्या भागात हॉल सेन्सर असतो. चुंबक जवळ आला की लॅपटॉपला वाटतं झाकण मिटलं. मग तो झोपी तरी जातो, नाहीतर 'झाकण मिटल्यावर काही करू नको' असं सेटिंग असेल तर नुसती स्क्रीन विझवतो. डायल गेजचा, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या उपकरणाचा, चुंबकाचा बेस कीबोर्डशेजारी ठेवलेला असणं, एका मिटलेल्या लॅपटॉपवर दुसरा लॅपटॉप ठेवून काम करणं, मोबाइलच्या चुंबकाच्या कव्हरवर लॅपटॉप टेकवणं, एवढ्याने हा प्रकार घडतो. लॅपटॉप उचलून रिकाम्या लाकडी टेबलावर ठेवा आणि बघा. तरीही सुधारणा नसेल आणि पूर्वी कधी चहा-पाणी सांडलं असेल, तर सेन्सर स्वतःच खराब होऊन 'झाकण मिटलंय' असं कायम सांगत असू शकतो. बहुतेक बोर्डांवर झाकण उघडं असताना सेन्सरच्या आउटपुटला ३.३ व्होल्ट असतात, चुंबक आणला की शून्य. उघडं असतानाही शून्यच मिळत असेल तर चोर सापडला.

शेवटी पॉवर रिसेट. अडॅप्टर काढा, बॅटरी निघत असेल तर ती काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. कीबोर्ड, चार्जिंग आणि झाकण सांभाळणारा कंट्रोलर कधी कधी अडकून बसतो, तो याने मोकळा होतो.

लक्षणं काय सांगतात

झाकण एका कोनात असताना उजेड, थोडं मागे ढकललं की अंधार, असं होत असेल तर केबल. यात फार विचार करायला नको. केबल हिंजमधून वळसा घेऊन जाते, आणि वर्षानुवर्षं उघडझाप होऊन तिच्यातल्या केसासारख्या तारा तुटतात. हिंज घट्ट झालेला किंवा त्याची प्लॅस्टिकची पकड तुटलेली असेल तर हे लवकर होतं, आणि नवी केबल टाकूनही हिंज तसाच ठेवला तर तीही तुटते.

सुरू करताच दोन सेकंद उजेड आणि मग काळोख, असं झालं तर ड्रायव्हर आयसी स्वतःला वाचवतोय. एलईडीची ओळ तुटली की आयसी व्होल्टेज वाढवत नेतो, करंट काही वाहत नाही, मग मर्यादा ओलांडल्यावर तो बंद होतो. या लक्षणात मदरबोर्डला हात लावायचं काहीच कारण नसतं. वीज आणि निरोप दोन्ही पोचताहेत, म्हणून तर दोन सेकंद उजेड पडला.

खालच्या कडेला नाटकाच्या स्टेजवर पडतात तसे उजेडाचे झोत आणि मधे काळे पट्टे दिसले, तर काही एलईडी किंवा एखादी ओळ गेली आहे. मात्र २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये हेच दृश्य केबलमुळे दिसायचं. तिथली पातळ फ्लेक्स केबल लांबीला इतकी कमी होती की झाकण उघडताना ती घासून ताणली जायची. अ‍ॅपलने मे २०१९ मध्ये त्या मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजनाच जाहीर केली होती.

अडॅप्टर लावला की उजेड आणि काढला की अंधार, यात आधी विंडोजमधली बॅटरीवर असतानाची ब्राइटनेस तपासा. ती शून्यावर असते, आणि माणसं बोर्ड उघडून बसलेली असतात.

वळवाच्या कडकडाटानंतर लॅपटॉप बिघडला की स्क्रीनचा दोषही विजेच्या माथी मारतात. विजेच्या झटक्यात आधी अडॅप्टर आणि चार्जिंगचा भाग जातो. लॅपटॉप ठणठणीत चालू आणि एकटी बॅकलाइट गेलेली, असं असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

उघडताना

सगळ्यात महत्त्वाचं आधी: अडॅप्टर काढणं पुरेसं नाही. आजकाल बॅटरी आत असते, आणि लॅपटॉप बंद दिसत असला तरी बोर्डवर तिचं व्होल्टेज जिवंत असतं. खालचं झाकण काढून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून उरलेला चार्ज उतरवा. त्यानंतरच स्क्रीनच्या केबलला हात लावायचा.

हे न करण्याची किंमत मोठी आहे. आज सर्वत्र दिसणाऱ्या ३० पिनच्या ईडीपी कनेक्टरमध्ये, म्हणजे केबल पॅनलला जोडणाऱ्या खाचेत, २६ ते २९ या पिनांवर बॅकलाइटची वीज असते. २२ वर एनेबल, २३ वर पीडब्ल्यूएम, १८ ते २१ वर बॅकलाइटचं ग्राउंड, १२ आणि १३ वर पॅनलचे ३.३ व्होल्ट. पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. जिवंत केबल तिरकी ओढली किंवा तिरकी घातली, की १२ किंवा १९ व्होल्ट ग्राउंडला टेकतात आणि फ्यूज जातो. हे झालं तर नशीब म्हणायचं. तेच व्होल्टेज ३.३ व्होल्टच्या लायनीवर चढलं तर पॅनल जातं, प्रसंगी बोर्डही. बॅकलाइटचा फ्यूज उडण्यामागे बऱ्याचदा मागची दुरुस्तीच असते, कुणीतरी बॅटरी न काढता केबल ओढलेली असते.

स्क्रीनभोवतीची प्लॅस्टिकची चौकट, बेझल, काढताना जुन्या मॉडेलात रबराच्या टिकल्यांखाली स्क्रू असतात. नव्यांत नुसत्या क्लिपा आणि चिकटपट्टी. गिटार वाजवायच्या प्लॅस्टिकच्या पिकने वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. स्टीलचा स्क्रू ड्रायव्हर आत घालू नका, पॅनलची काच कडेला सर्वात नाजूक असते. पॅनल कुठे चार एम२ स्क्रूंनी, तर कुठे दोन्ही बाजूंच्या ताणून निघणाऱ्या चिकटपट्ट्यांनी बसवलेलं असतं. त्या पट्टीचं टोक पकडून, पॅनलला समांतर ठेवून, सावकाश ओढायचं. घाईने वर उचललं की ती तुटते, आणि मग हेअर ड्रायरने कोमट करून पातळ प्लॅस्टिकच्या कार्डाने सोडवावं लागतं. खालच्या कडेला मात्र कधीच काही घालू नका. तिथे काच आणि सर्किट बोर्ड जोडणाऱ्या कागदासारख्या फ्लेक्स असतात. एक फाटली की चांगलं पॅनल भंगारात.

पॅनल पुढे पालथं करून कीबोर्डवर मऊ कापडावर ठेवा. केबलवरची पारदर्शक चिकटपट्टी सोलून काढा, बारीक तारेचं कुलूप असेल तर ते उलटवा आणि कनेक्टर पॅनलच्या पृष्ठभागाला समांतर सरकवून काढा. वर उपटायचा नाही.

आता भिंग घ्या. पिना काळपट किंवा हिरवट दिसताहेत? कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या ओल्या हवेत, त्यातही भिंतीलगतच्या कपाटात महिनोन्महिने पडून राहिलेल्या लॅपटॉपमध्ये, हे सहज दिसतं. जास्त व्होल्टेजची पिन आणि ग्राउंडची पिन यांच्यात ओल आली की धातू झिजायला लागतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश यांनी साफ करा आणि पूर्ण सुकू द्या. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट इथे नको. त्यात पाणी आणि बाकीचं काही असतं, ते मागे थर सोडतं. कास्टिंग घासण्याचं काम चालतं तिथल्या ऑफिसातल्या लॅपटॉपमध्ये लोखंडाची बारीक धूळही सापडते. ती झाकणातल्या आणि स्पीकरच्या चुंबकांना चिकटते आणि वीज वाहून नेते, म्हणून फुंकून न उडवता ब्रशने बाहेर काढायची.

साफ करून कनेक्टर दोन्ही टोकांना पुन्हा नीट बसवा, एक टोक पॅनलकडे, दुसरं मदरबोर्डकडे. बॅटरी जोडून सुरू करा. बरेच रुग्ण इथेच बरे होतात.

मल्टिमीटर हातात घेऊन

अजून अंधार असेल तर व्होल्टेजचा माग काढायचा. यासाठी सुईसारख्या टोकाचे प्रोब हवेत आणि हात स्थिर हवा. मोजताना लॅपटॉप चालू असणार, म्हणून एका वेळी एकाच जागी प्रोब आणि तोही एकाच पॅडवर. भरवसा नसेल तर इथून पुढचं काम चिप लेव्हल, म्हणजे बोर्डवरचे सुटे भाग दुरुस्त, करणाऱ्याकडे द्या.

काळा प्रोब बोर्डच्या ग्राउंडला. लाल प्रोब पॅनलच्या सर्किट बोर्डवर कनेक्टरजवळच्या फ्यूजच्या एका बाजूला, मग दुसऱ्या. हा फ्यूज तांदळाच्या कणीएवढा, सहसा शेजारी एफ किंवा एफ१ असं छापलेला. किती व्होल्ट मिळायला हवेत, हे लॅपटॉपवर अवलंबून आहे. जुन्या रचनेत अडॅप्टर लावल्यावर १९ च्या आसपास. नव्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडॅप्टर लावलेला असला तरी आतली मुख्य लाइन बॅटरीच्या व्होल्टेजजवळच राहते. दोन सेलची बॅटरी असेल तर ७ ते ९, तीन सेलची असेल तर ११ ते १३. त्यामुळे ८ व्होल्ट दिसले म्हणून दचकायचं कारण नाही.

फ्यूजच्या एका बाजूला व्होल्टेज आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर फ्यूज गेलाय. दोन्ही बाजूंना शून्य असेल तर वीज इथवर आलीच नाही. मग केबल तरी तुटलीय, नाहीतर मदरबोर्डवरचा फ्यूज गेलाय. बॅटरी काढून केबलची एकेक तार मल्टिमीटरच्या बीपवर तपासा, आणि तपासताना केबल हिंजमध्ये वळते तशी वाकवा. सरळ ठेवली की बीप देणारी तार वाकवल्यावर गप्प होते.

वीज पोचत असेल तर एनेबल बघा. काही पॅनलवर यासाठी छापील टेस्ट पॉइंट असतात. एनेबलवर ३.३ व्होल्टच्या आसपास हवेत. पीडब्ल्यूएमवर मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून ब्राइटनेसची बटणं दाबाल तसा आकडा हलायला हवा, पूर्ण उजेडाला ३.३ जवळ आणि निम्म्याला त्याच्या निम्मा. एनेबल शून्य असेल तर पॅनल बहुधा निर्दोष आहे. दोष बहुधा झाकणाचा सेन्सर, त्याचा निरोप पुढे नेणारा कंट्रोलर किंवा केबल यांच्यात कुठेतरी आहे. इथे नवं पॅनल टाकलं तरी स्क्रीन काळीच राहील, आणि दुकानदार "बोर्डचाही प्रॉब्लेम हाय" म्हणेल.

वीज, एनेबल, पीडब्ल्यूएम तिन्ही असतील तर आता मोठ्या डायोडनंतरचं व्होल्टेज मोजा. ते इनपुटएवढंच, किंवा अर्ध्या व्होल्टने कमी असेल तर ड्रायव्हर काम सुरूच करत नाही. ते क्षणभर ४० च्या आसपास किंवा त्याही वर उडी मारून खाली आलं तर ड्रायव्हर जिवंत आणि एलईडीची ओळ तुटलेली. पॅनलच्या कडेतून येणारी एलईडीची बारीक फ्लेक्स तिच्या जागी नीट बसली आहे का, हे याच वेळी पाहून घ्या. पडल्या-आपटल्यावर ती थोडी निसटू शकते.

एलईडी तपासायला मल्टिमीटरचा डायोड मोड चालत नाही. तो दोन-तीन व्होल्ट देतो आणि ओळीला ३० लागतात. बेंच पॉवर सप्लायवर करंटची मर्यादा २० मिलिअँपिअर ठेवून व्होल्टेज सावकाश वाढवायचं, प्रत्येक ओळ वेगळी पेटवून बघायची. टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडचा बॅकलाइट टेस्टर वापरायचा तर आधी त्याचा करंट किती आहे ते बघा. टीव्हीचे एलईडी जाडजूड असतात, हे नाजूक.

फ्यूज बदलण्याआधी

फ्यूज स्वतःहून क्वचित मरतो, सहसा त्याला कुणीतरी मारलेलं असतं. बॅटरी काढून, फ्यूजच्या पॅनलकडच्या बाजूपासून ग्राउंडपर्यंत रोध मोजा. काही किलोओहम असेल, किंवा आकडा चढत जात असेल, तर ठीक. दोन-चार ओहमच दिसले तर पुढे शॉर्ट आहे आणि नवा फ्यूजही त्याच क्षणी उडेल. मदरबोर्डचा फ्यूज असेल तर पॅनलची केबल काढून पुन्हा मोजा. शॉर्ट नाहीसा झाला तर तो पॅनलमध्ये किंवा केबलमध्ये आहे, कायम राहिला तर बोर्डवरच. शॉर्ट झालेला भाग बहुधा एखादा सिरॅमिक कपॅसिटर निघतो.

काही कारागीर फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा डकवतात. उजेड येतो, गिऱ्हाईक खूश. १५.६ इंची पॅनलची बॅकलाइट साधारण ३ ते ४ वॉट घेते, म्हणजे १२ व्होल्टवर पाव ते तृतीयांश अँपिअर. फ्यूज त्याहून थोडा मोठा असतो, पण उद्या केबल हिंजमध्ये घासून शॉर्ट झाली तर बॅटरी कितीतरी अँपिअर ओतू शकते. मग फ्यूजऐवजी बोर्डवरचा ट्रॅक किंवा केबल जळते. मूळ फ्यूजच्याच मापाचा आणि रेटिंगचा नवा लावा. भंगार पॅनलवरून काढलेला चालतो. फ्लक्स लावून, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने सुमारे ३५० अंशांवर दोन-तीन सेकंदांचं काम. शेजारच्या प्लॅस्टिक कनेक्टरवर उष्णता लागू नये म्हणून कॅप्टॉन टेप, म्हणजे उष्णता सोसणारी चिकटपट्टी, चिकटवा.

मॅकबुकच्या अनेक मॉडेलांत रचना निराळी आहे. व्होल्टेज वाढवणारा ड्रायव्हर पॅनलवर नसून मुख्य बोर्डवर असतो, आणि केबलमधूनच ५० व्होल्टच्या आसपास वर जातात. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की हे व्होल्टेज शेजारच्या डेटाच्या पिनांवर उडी मारतं, आणि तिथून थेट प्रोसेसरपर्यंत. अशा मशीनवर पाणी सांडल्यावर "चालू होतंय का बघू" हा मोह टाळा.

पॅनल बदलायचंच असेल तर

एलईडीची पट्टी एकटी बदलता येते, पण त्यासाठी पॅनलची काच, फिल्म आणि पत्रा सगळं उकलावं लागतं. एक धुळीचा कण आत राहिला की तो कायमचा पांढऱ्या स्क्रीनवर दिसतो, आणि फ्लेक्स फाटायची भीती वेगळी. साध्या पॅनलसाठी हा खटाटोप परवडत नाही. पॅनल महाग किंवा दुर्मीळ असेल तरच करावं, आणि तेही हे काम रोज करणाऱ्याकडून.

नवं पॅनल लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये तीन-चार कंपन्यांची पॅनलं बसवलेली असतात. जुन्या पॅनलच्या पाठीवरचं लेबल वाचा. बीओई, एयूओ, इनोलक्स, एलजी डिस्प्ले यांपैकी एखादं नाव आणि एनटी१५६डब्ल्यूएचएम-एन४२ असा क्रमांक असतो. त्यातले १५६ म्हणजे १५.६ इंच. दुसऱ्या कंपनीचं चालतं, पण रिझोल्यूशन, पिनांची संख्या ३० की ४०, कनेक्टरची जागा, स्क्रूचे कान आहेत की नाहीत आणि रुंदी जुळायला हवी. १५.६ इंचातही सुमारे ३६० मिलिमीटर रुंदीचं जुन्या पद्धतीचं आणि ३५० चं बारीक कडांचं असे दोन प्रकार बाजारात आहेत. टच स्क्रीन किंवा १४४ हर्ट्झचं पॅनल सहसा ४० पिनचं असतं. साधं पॅनल काढून ते घालायचं तर केबलही बदलावी लागते.

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलेल्यांनी हे पाहिलं असेल: बोर्ड धुऊन-वाळवून लॅपटॉप सुरू होतो, पण स्क्रीनवर ढगांसारखे डाग. गाळाचं पाणी फिल्मच्या थरांमध्ये शिरून वाळलं की ते साफ होत नाही. तिथे पॅनल बदलणं हाच उपाय, आणि केबलही त्याच वेळी नवी घ्यावी.

राजारामपुरीत द्या की शाहूपुरीत, दुकानात काम द्यायचं असेल तर दोन गोष्टी आधी सांगा. टॉर्चमध्ये चित्र दिसतंय आणि टीव्हीवर चित्र येतंय. मग विचारा, चालू असलेलं दुसरं पॅनल जोडून दाखवता का? चाचणीच्या पॅनलवर उजेड आला तर पॅनल बदलण्याचा सल्ला योग्य. नाही आला, तर पैसे केबलवर किंवा बोर्डवर खर्च व्हायचे आहेत. जुनं पॅनल परत मागा, त्याच्या पाठीवरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक ताडून पाहा.

नवं पॅनल किंवा केबल बसवल्यावर बेझल लगेच दाबून लावू नका. पॅनल हाताने धरून पूर्ण ब्राइटनेसवर अर्धा तास चालवा, झाकण सावकाश सगळ्या कोनांतून फिरवा, एकदा झोपवून उठवा, एकदा बॅटरीवर आणि एकदा अडॅप्टरवर बघा. कुठेही लुकलुक नसेल तर बंद करून बॅटरीचा कनेक्टर पुन्हा सोडवा, मग स्क्रू आणि चिकटपट्ट्या. बेझल हिंजच्या बाजूने बसवायला सुरुवात करा, आणि क्लिप दाबण्याआधी केबल तिच्या खाचेत आहे ना, चौकटीखाली चिमटत नाही ना, ते बोट फिरवून पाहा.